मनातला स्टॉप

भाव माझ्या आकड्याला शिवला आणि परत फिरला. फक्त एक पैसा खाली उतरला, मला बाहेर काढलं आणि लगेच वर निघाला. त्या आठवड्यातली ही चौथी वेळ होती.

"बघितलंस?" मी ओरडले. "बघितलंस का ह्या मेल्याला?"

"वहिनी, बाजार आहे तो," त्रिशला म्हणाली. "त्याला काय तू माहीत आहेस होय?"

तोच तर माझा प्रश्न होता. त्याला मी माहीत कशी?

थांबा, आधी ओळख करून देते, नाहीतर म्हणाल ही बाई कोण आणि सकाळी सकाळी कुणावर खेकसतेय. मी नीलांबरी मगदूम, सांगलीची. आमचे हे, म्हणजे भरतेश, हळद परदेशी पाठवतात. खाली गोदाम आणि ऑफिस, वर आम्ही. ह्यांचे पैसे डॉलरात यायचे, म्हणून मी डॉलरचा भाव बघायला लागले, आणि बघता बघता त्यातच शिरले. गेली काही वर्षं मी आणि माझी नणंद त्रिशला रोज नऊ वाजता वरच्या खोलीत बसतो. सकाळी डॉलर घ्यायचा, संध्याकाळच्या आत विकायचा. रात्री घरात काही ठेवायचं नाही.

त्रिशला माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा ती कॉलेजात होती, आणि ह्या घरात माझ्याशी पहिल्या दिवशी जी नीट बोलली ती तीच. पुढं तिचं लग्न झालं, इचलकरंजीला दिलं, आणि चार वर्षांत ती परत आली. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता. संशय घ्यायचा. तिचा फोन तपासायचा, तिच्या गाडीचे किलोमीटर मोजायचा, ती देवळात गेली तर मागून जाऊन बघायचा. माझ्याबरोबर काम करायचं ठरलं तेव्हा तिनं एकच सांगितलं होतं: "वहिनी, तू मला शिव्या घाल, चालेल. पण माझ्यावर पाळत ठेवलेली कळली तर मी ह्या घरात राहणार नाही. एकदा भोगलंय, बास झालं."

मी म्हटलं, "हात्! मी कशाला ठेवू पाळत?"

आणि इथंच सगळी गोम आहे, कारण मी जन्माची संशयी. दूधवाल्यानं हसून दूध घातलं तरी मी लॅक्टोमीटर शोधते.

आमचं काम सांगायला सोपं आहे. समजा डॉलर सकाळी एकशे चार रुपयांवरून निघाला आणि एकशे चार पन्नासपर्यंत चढला. आता तो दमणार आणि थोडा खाली येणार. किती खाली? तर इटलीत फिबोनाची म्हणून एक गणिती होऊन गेला, त्याच्या नावानं आकड्यांची एक माळ आहे. एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. मागच्या दोनांची बेरीज म्हणजे पुढचा. ही माळ लांबवत नेली आणि एक आकडा त्याच्या पुढच्यानं भागला की उत्तर येतं शून्य पूर्णांक सहाशे अठराच्या आसपास. म्हणून चढाच्या बासष्ट टक्के खाली एक रेघ मारायची. त्याच माळेतून निघालेली अडतीस टक्क्यांची दुसरी, आणि मधोमध पन्नासची तिसरी. पन्नास पैशांचा चढ असेल तर बासष्टची रेघ येते एकशे चार एकोणीसवर. भाव तिथं टेकला आणि आलेखात दोन शिखरं किंवा डोकं-खांदे असा काही वाईट आकार दिसत नसला, की घ्यायचा.

भाव ह्या रेघांवर का टेकतो? खरं सांगू? जगातली सगळी माणसं त्याच रेघा मारून बसलेली असतात, म्हणून टेकतो. एरवी डॉलरला त्या इटालियनाशी काय देणंघेणं!

आता स्टॉप. आपला अंदाज चुकलाच तर कुठं गप गुमान बाहेर पडायचं, तो आकडा म्हणजे स्टॉप. एकोणीसला घेतलं तर सतराला स्टॉप. हा आकडा, ज्या कंपनीमार्फत आम्ही घेतो-विकतो तिच्या सिस्टिममध्ये घातला की कंपनीला दिसतो, आणि मग तो खाल्ला जातो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणून मी तो कुठंच घालायची नाही. मनात ठेवायची. शेजारी बसलेल्या त्रिशलाला फक्त कानात सांगायची, आणि भाव तिथं आला की ओरडायची, "काप!" माऊस तिच्या हातात असायचा. रेघा माझ्या, बटण तिचं, अशी आमची वाटणी.

म्हणजे तो आकडा दोघींनाच ठाऊक. आणि तरी भाव नेमका तिथंच येऊन शिवत होता. मग तिसरा कोण?

मनात पाल चुकचुकली ती अशी.

त्यातून त्रिशला रोज दुपारी दीड वाजता फोन घेऊन गच्चीवर जायची. बोलायची ते हळू आवाजात. मी जिन्यात पाऊल टाकलं की बोलणं थांबायचं. "कुणाचा गं फोन?" असं विचारलं की "मैत्रिणीचा" म्हणायची आणि ताटं घ्यायला लागायची. मैत्रिणीशी बोलताना माणूस हसतं की नाही? ही हसायची नाही.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "नीलू, तू गेल्या वर्षी गोदामातल्या मांजरावर पण संशय घेतला होतास."

"आणि ते मांजर शेजाऱ्यांचंच निघालं की नाही?"

"निघालं. पण म्हणून त्रिशला शेजाऱ्यांची होते का?"

ह्यांना हळदीपलीकडं काही कळत नाही. मी सापळा लावायचं ठरवलं. एका मंगळवारी भाव एकोणीसवर आल्यावर घेतला आणि त्रिशलाच्या कानात सांगितलं, "आज स्टॉप दहाला." माझा खरा स्टॉप सतराच होता. तो मी कुणालाही सांगितला नाही, नुसती स्क्रीनवर त्या जागेकडं बघत बसले. म्हटलं, भाव दहाला गेला की ही चोर.

भाव सोळाला आला. सतराला शिवून, एक पैसा खाली, आणि मी मुद्दाम "काप" न म्हणता बघतेय तोवर परत वर एकवीस.

आता कुणीही शहाणं माणूस म्हणालं असतं, की त्रिशला सुटली. तिला सतरा माहीतच नव्हता. पण माझं डोकं कसं चालतं बघा. मला वाटलं, इतकी वर्षं शेजारी बसतेय, माझ्या तोंडावरून तिनं ओळखलं असणार. म्हणजे जास्तच पोचलेली आहे! त्या दिवशी मी तिच्याशी धड बोललेही नाही. तिनं दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून. मी म्हटलं, डोळे दुखतायत.

बोलले आणि खरंच दुखायला लागले. शेवटी मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी थेंब घातले आणि अर्धा तास बसवून ठेवलं. मला गप्प बसवत नाही. म्हटलं, "डॉक्टर, ह्या थेंबांनी होतं काय?"

"बाहुली मोठी होते आणि तशीच राहते. मला आतला पडदा दिसायला पाहिजे ना." डॉक्टर तरुण होते, बोलायची हौस होती. "एरवी बाहुली तुमच्या ताब्यात नसते, मॅडम. उजेड आला की लहान होते, ते सगळ्यांना माहीत आहे. पण मनात हिशेब चालू झाला, कशाची धास्ती वाटली, एखादी गोष्ट हवीशी वाटली, तरी ती थोडी मोठी होते. माणूस तोंड सरळ ठेवू शकतो, पण बाहुलीला सांगता येत नाही. थेंब घातले की चार-सहा तास ती काहीच सांगत नाही. आज गाडी चालवू नका."

घरी आले तेव्हा साडेअकरा वाजले होते. सगळं धूसर, उजेड तर सहन होईना. काळा चष्मा घालून बसले, तर स्क्रीन बोलली, "कृपया चष्मा काढा. खातेदाराचा चेहरा स्पष्ट दिसत नाही."

हे सांगायचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी नियम बदलले. छोट्या गिऱ्हाइकांना चलनाच्या मोठ्या बाजारात थेट जाता येईना. मधे कंपनी असणार, तीच भाव सांगणार, तीच घेणार आणि तीच विकणार. आम्ही सुवर्णरेषा नावाच्या कंपनीत खातं काढलं. त्यांनी मोठी झकास स्क्रीन फुकट दिली. फुकट! मी, दूधवाल्यावर संशय घेणारी बाई, ती मुकाट्यानं भिंतीला लावून घेतली. वर कॅमेरा. दुसऱ्याच्या नावानं कुणी व्यवहार करू नये म्हणून खातेदाराचा चेहरा सतत दिसायलाच पाहिजे, नाहीतर स्क्रीन बंद. आमचं खातं दोघींच्या नावानं, म्हणून दोघींचे चेहरे चौकटीत पाहिजेत. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी चालत नाही, काळा चष्मा चालत नाही, डोळ्यांवर रुमाल चालत नाही.

चष्मा काढला. काही दिसेना. म्हटलं, "त्रिशला, तू भाव वाच. मी नुसती ऐकते."

ती वाचायला लागली. "तेवीस. बावीस. बावीस. एकोणीस, वहिनी."

"घे."

"घेतला. स्टॉप?"

मी सांगितला नाही. उगाच म्हटलं, "आहे मनात." ती वाचत राहिली. एकोणीस, अठरा, एकोणीस, बावीस. सतराला काही तो आला नाही. मग वर गेला तो गेलाच. दुपारी परत एकदा घेतला, तेव्हाही तसंच. संध्याकाळी मी खुर्चीत मागं टेकले आणि म्हटलं, "आज कसा गं नाही आला तो मेला?"

दुसऱ्या दिवशी डोळे बरे झाले. मी रेघा मारल्या, सतराकडं बघत बसले, आणि भाव सोळाला शिवून गेला.

मी हळूच कॅमेऱ्याकडं बघितलं. इतके दिवस मी शेजारच्या खुर्चीवर संशय घेत होते, आणि समोर टांगलेला हा डोळा मला दिसला नव्हता!

त्रिशलाला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. तिचं डोकं माझ्यापेक्षा सरळ चालतं. ती म्हणाली, "थांब. भाव खरंच सोळाला आला होता का, ते आधी बघू." आणि खाली ऑफिसात गेली. ह्यांच्या कॉम्प्युटरवर बँकेचा भाव दिवसभर चालू असतो, हळदीची बिलं त्यावर होतात. मागचा आलेख काढून ती वर आली आणि फोन माझ्यापुढं धरला. ज्या मिनिटाला आमच्या स्क्रीनवर भाव सोळाला शिवला, त्या मिनिटाला बँकेत तो एकवीसवर होता. हललाही नव्हता.

"म्हणजे आपल्याला खोटा भाव दाखवतात?" मी म्हटलं.

"खोटा कसा म्हणायचा? चलनाला एक असा भाव नसतोच, वहिनी. प्रत्येक दुकानदार आपापला सांगतो. मंडईत भाजीवाली नाही का, तोंड बघून मेथीच्या जुडीचा भाव सांगत? ह्यांनी फक्त तोंडाऐवजी डोळा बघितला."

आणि मग आम्हाला सगळं उलगडत गेलं. यंत्राला मनातलं वाचता येत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं, की ह्या बाईनं डॉलर घेतला, आणि घेतल्यापासून तिची नजर पुन्हा पुन्हा सतराच्या जागी जाते, तिथं गेली की बाहुली मोठी होते. म्हणजे हिची भीती तिथं आहे. मग फक्त आमच्यापुरता, डोळ्याचं पातं लवेपर्यंत, भाव सोळा करायचा. मी घाबरून "काप" म्हणणार, आमचा माल त्यांना स्वस्तात मिळणार, आणि भाव परत जागेवर. अशा स्क्रीन किती घरांत असतील! आणि प्रत्येक घरात माझ्यासारखंच कुणीतरी आपल्या माणसाकडं तिरक्या नजरेनं बघत असेल.

त्रिशला म्हणाली, "खातं बंद करून टाकू."

"अजिबात नाही! सोडते होय मी ह्यांना? तक्रार करायची. सरकारचं खातं आहे ना ह्यांच्यावर लक्ष ठेवायला? पण पुराव्यासकट."

पुरावा तिनंच सुचवला. चार दिवस मी डोळे उघडे ठेवून बसायचं, चार दिवस मिटून. झाकलेले डोळे यंत्राला चालत नव्हते, मिटलेले चालत होते. बहुतेक डुलकी लागलेल्या गिऱ्हाइकाचा त्यांना राग नसावा. बँकेचा भाव शेजारी लॅपटॉपवर लावायचा आणि दोन्हींचे फोटो काढायचे. मिटलेल्या दिवशी भाव ती वाचणार. तिचे डोळे यंत्राला दिसले तरी त्यात काही मिळणार नव्हतं, कारण स्टॉप कुठं आहे हे तिला मी सांगणारच नव्हते. बघणारी एक, ठरवणारी दुसरी.

"आणि आधीचं जेवढं आठवतंय तेवढं पण घालू तक्रारीत," ती म्हणाली. "त्या मंगळवारचं घे. स्टॉप दहाला होता आणि भाव सोळाला आला, तो दिवस ह्यात बसत नाही बघ."

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

"वहिनी?"

"बसतो तो," मी म्हटलं. "माझा स्टॉप सतरालाच होता."

"मग मला दहा का सांगितलास?"

मी फॅनकडं बघत बसले. तिला कळायला वेळ लागला नाही. कसा लागेल, चार वर्षांचा सराव होता तिला.

तिनं लॅपटॉपच्या झाकणावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी गच्चीवर कुणाशी बोलते, ते पण तुला पाहिजे असेल. इचलकरंजीच्या आईंशी बोलते. माझ्या सासूबाई होत्या त्या. त्यांचा मुलगा कसाही असू दे, त्यांनी माझं कधी वाईट केलं नाही. आता अंथरुणावर आहेत. दीड वाजता त्यांना भरवायला बाई येते, तेव्हा फोन लावून देते. दादाला आवडणार नाही, म्हणून बोलले नाही."

मला इतकी लाज वाटली, की मी सरळ तिचे हात धरले. "चुकलं गं माझं. शप्पथ, परत नाही."

"एकदा ठीक आहे," ती म्हणाली. "त्या यंत्रानं तुला भरीला घातलं असं समजते. पण परत झालं तर मी थांबणार नाही, वहिनी. भांडणार पण नाही. नुसती जाईन."

उघड्या डोळ्यांचे चार दिवस झाले. चारही दिवस आमच्या स्क्रीनवर सुई आली. सुई म्हणजे आलेखातली ती बारीक रेघ, खाली टोचून परत वर गेलेली. बँकेच्या आलेखात एकही नाही. फोटो काढले.

मग मिटलेले दिवस सुरू झाले. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "मी काय आता म्हातारपणी आंधळी कोशिंबीर खेळू?" आणि त्रिशला पोट धरून हसली. डोळे मिटून बसायला सुरुवातीला जड जातं. कानात सगळं शिरतं, खालचा टेम्पो, शेजारचा कुकर. पण तिचा आवाज असा संथ यायचा, तेवीस, बावीस, बावीस, की माझं डोकं शांत व्हायचं. मधेच ती स्वतःहून सांगायची, "वहिनी, डोकं-खांदे होतायत असं वाटतंय, डावा खांदा झाला." मी मनात चित्र काढायची. तीन दिवस सुई आली नाही. तीन दिवस आम्ही दोघी दुपारी एकत्र जेवलो, आणि दीड वाजता ती माझ्यासमोरच फोन लावायला लागली. एकदा आईंनी मला पण बोलावून घेतलं. "हिला सांभाळा हं," म्हणाल्या. मी म्हटलं, "तीच मला सांभाळते."

चौथा दिवस शेवटचा. तक्रार लिहून तयार होती, आजचे फोटो घातले की पाठवायची.

एकोणीसवर घेतला. स्टॉप मनात सतरा. त्रिशला वाचत होती. "वीस. एकवीस. एकवीस. वीस. एकवीस."

टेबलावर तिचा फोन थरथरला. दीड वाजायला अजून वेळ होता. ती थांबली.

"वाच की," मी म्हटलं.

"हो, हो." आवाज बदलल्यासारखा वाटला. "सव्वीस."

सव्वीस? एकवीसचा एकदम सव्वीस? मधले चार आकडे गेले कुठं? भाव असा उडी मारत नाही. ही फोन बघतेय. वाचलं नाही आणि तोंडाला येईल ते सांगतेय. का सांगतेय? कुणी सांगायला सांगितलंय? आणि त्या आई, त्या खऱ्याच होत्या का? आवाज तर कुणाचाही असू शकतो.

हे सगळं एका श्वासात झालं. मी डोळे किलकिले केले.

फोन उलटा पडलेला होता. तिनं त्याला हात लावला नव्हता. दोन्ही डोळे स्क्रीनवर, एक हात माऊसवर, आणि स्क्रीनवर स्वच्छ सव्वीस. बँकेच्या लॅपटॉपवर पण सव्वीस. भाव खरंच उडाला होता.

मिटायचे होते ना लगेच? पण सवय वाईट. नजर खाली घसरली आणि सतराच्या जागेवर जाऊन बसली. मग मिटले.

त्रिशला वाचत होती. "पंचवीस. तेवीस. एकवीस. एकवीस." आणि मग, "सोळा." आणि लगेच, "एकवीस."

मी "काप" म्हटलं नाही. ती पण पुढं वाचेना. खाली टेम्पो चालू झाला, गेला. मी डोळे उघडले.

आमच्या आलेखात सुई होती. बँकेच्या आलेखात नव्हती.

"हे कसं झालं?" त्रिशला म्हणाली.

"मला काय माहीत!" मी म्हटलं. तोंडातून आपोआप निघालं.

तिनं दोन्ही स्क्रीनचा फोटो काढला. मग लॅपटॉपवर तक्रार उघडली आणि शांतपणे बोलायला लागली. "दोनच गोष्टी होऊ शकतात. तुमचे डोळे मिटलेले होते आणि तरी सुई आली, असं असेल तर डोळ्यांचा काही संबंध नाही. आपला सगळा अंदाज चुकला. मी ही तक्रार आत्ता पुसून टाकते, उगाच कुणावर आळ नको. उद्यापासून नेहमीसारखं बसू."

"आणि दुसरी?"

"दुसरी तुम्हाला माहीत आहे."

तुम्ही म्हणाली ती मला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

मला फक्त "मिटलेलेच होते" एवढं म्हणायचं होतं. तिनं मानलं असतं. ती तशीच आहे, सांगेल ते धरणारी. कंपनी सुटली असती, सुटू दे की! ती माझ्या शेजारी बसली असती, उद्या, परवा, कायमची. ती लॅपटॉपकडं बघत होती. माझ्याकडं बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती. माझा चेहरा वाचायचा नाही, मी बोलेन तेच खरं धरायचं, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. त्या यंत्रानं जे केलं, मी जे केलं, तिच्या नवऱ्यानं जे केलं, ते तिला करायचं नव्हतं.

असल्या माणसाला खोटं सांगून ठेवून घ्यायचं? आणि मग रोज तिच्याकडून खरे आकडे ऐकत बसायचं?

"सव्वीस म्हणालीस ना," मी म्हटलं, "तेव्हा उघडले. दोनेक सेकंद. सतराकडं बघितलं."

तिनं ते लिहून घेतलं, अक्षर न् अक्षर. "कशासाठी उघडले?"

"तू आकडा खोटा वाचलास असं वाटलं."

तिचा हात थांबला. "हे नको घालायला," ती म्हणाली. फोटो जोडला, तक्रार पाठवली, आणि ती पोचल्याची पावती येईपर्यंत थांबली. मी काहीबाही बोलत होते, त्रिशला, अगं ऐक, अगं मी. तिनं खुर्ची टेबलाखाली सरकवली.

"पुरावा चांगला झाला," ती म्हणाली. "आता उघडे ठेवलेत तरी चालतील."

आणि ती आपल्या खोलीत बॅग भरायला गेली.